पाठवलेल्यांची साखळी

मंगळवार, दुपार

जाऊबाईंना प्रभूच्या नावाने सलाम.

तुमचं पत्र इथे दवाखान्याच्या पत्त्यावर पोचलं. भावजींचा खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. पाळकांचा आवाज बसला तर मंडळीचं कसं व्हायचं.

परवापासून ती एक सकाळ सारखी आठवते. घर झाडून झालं होतं, धुणं भिजत घातलं होतं, लेकीची गादी उन्हात टाकली होती. दूध उतू जाऊ नये म्हणून एक डोळा पातेल्यावर ठेवून मी डॉक्टरसाहेबांसाठी प्रार्थना करत होते. सकाळची पाळी माझी. इकडे दवाखान्याच्या गावी साथ आल्यावर तुम्ही प्रार्थनेची साखळी बांधलीत, घरटी एकेक मिशनरी वाटून दिलात, वेळा लावून दिल्यात, म्हणजे रात्रंदिवस कुणी ना कुणी देवाच्या मागे लागून राहील. माझ्या वाट्याला साहेब आले. त्यांच्याच वॉर्डात माझी लेक चादरी धुवायची, रोग्यांना पाणी पाजायची. तिचंही नाव घाला म्हणून मी तुमच्या स्वयंपाकघरात आले होते. तुम्ही बशा पुसत होतात. हात न थांबवता म्हणालात, "अगं, ती पगारी आहे. साखळी पाठवलेल्यांसाठी. उद्या तिथला माळीही म्हणेल, मला घाला."

मी हसले. तुमच्यासमोर हसायची सवयच आहे मला. मग रोज साहेबांसाठी मोठ्याने प्रार्थना केली आणि लेकीसाठी मनात. देवाकडेही आम्ही आपले मागच्या दाराने.

तुम्ही विचारता, साहेब सुखरूप परतले म्हणून देवळात ठेवलेल्या उपकारस्तुतीच्या भक्तीतून मी मध्येच का उठले, चारचौघांत भावजींना किती ओशाळं वाटलं. तर ऐका.

भक्ती सुरू होण्याआधी मी साहेबांना गाठलं. विमानाने परत येऊन आठवडाही झाला नव्हता, चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. लेकीचं विचारलं तर कोण म्हणून आधी आठवावं लागलं त्यांना. मग म्हणाले, "हां, ती ना? निघालो तेव्हा ठणठणीत होती. वॉर्डाच्या किल्ल्या तिच्याच हाती दिल्यात. फार विश्वासू मुलगी." माझ्या पिशवीत इथल्या दवाखान्याच्या स्वयंपाकिणीच्या निरोपाचा कागद होता, आदल्याच दिवशी आलेला. तुमची लेक तापाने पडली आहे, वॉर्डात दुसरं कुणी उरलेलं नाही. मी तो बाहेर काढला नाही. कशाला? ते चहा पीत होते.

नंतर ते पुढे उभे राहून म्हणाले, देवाने आपल्या एकाही माणसाला धक्का लागू दिला नाही. सगळ्यांत मोठं आमेन तुमचं होतं. मी उठले ते तेव्हा.

मी शाळेत गेले नाही. भावजींच्या प्रवचनांचे टाकून दिलेले कागद वाचत वाचत अक्षरं लावायला शिकले. त्यातलं एक मला पाठ आहे. पगारी गडी लांडगा दिसला की मेंढरं टाकून पळतो, खरा मेंढपाळ जीव देतो. छान प्रवचन आहे. पुढच्या वेळी करतील तेव्हा म्हणावं, कोण पळालं याची आधी चौकशी करून घ्या.

देवावर माझा राग नाही. त्याची गाठ तुमच्यासारख्यांशी पडली, त्याला तो तरी काय करणार.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, आता लेकीचं नावही साखळीत घेतलं आहे आणि पहाटेची पाळी तुम्ही स्वतः धरली आहे. मन मोठं आहे तुमचं. पण ती पाळी सोडा आता. तुमच्या गुडघ्यांना पहाटेची थंडी बाधते, झोपत जा.

मी पोचले तेव्हा स्वयंपाकीण फाटकात उभी होती. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. साथीमुळे मला लेकीच्या जवळ जाऊ दिलं नाही, तिला माती दिली ती लांबूनच पाहिली. मातीपाशी प्रार्थना तिनेच केली. तिला फारसे शब्द येत नाहीत, म्हणून लेकीचं नावच पुन्हा पुन्हा घेत राहिली.

वॉर्डात अजून माणसं आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीच्या कामावर लागले.

तिची आई