हिलाच कंटाळा आला

शहापूर, रविवार, जुलै २००३

आज संध्याकाळी टीव्हीवर एका फ्रेंच सायकलपटूचा निरोप दाखवला. आधी ट्रॅकवर, मग रस्त्यावर, जन्मभर शर्यतीच केल्या त्यानं. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

यांच्या ऑफिसातले शिंदे आले होते. हे त्यांना कौतुकानं सांगायला लागले, "आमची ही पण चॅम्पियन होती बरं का! मुरबाडच्या रस्त्यावर पोरांना मागं टाकायची."

"मग सायकल सोडली कशाला?" शिंदेंनी विचारलं.

"हिलाच कंटाळा आला."

कंटाळा! लग्नानंतर पुण्याच्या ट्रॅकच्या शिबिरासाठी माझी निवड झाली होती. तिथल्या सायकलला ब्रेक नसतो म्हणे. एकदा तरी चालवायची होती ती. बॅग भरून दारात ठेवलेली, ती यांनीच उचलून आत नेली. "लग्न झालेल्या बाईला शोभतं का?" एवढंच बोलले. पुन्हा कुणी बोलावलं नाही. आणि म्हणे कंटाळा!

मी चहाचा ट्रे ठेवला आणि म्हणाले, "कंटाळा नाय आला, भाऊजी. यांनी जाऊ दिलं नाय."

शिंदे चहा अर्धाच टाकून उठले. ते गेल्यावर हे ओरडले, "चारचौघांत लाज काढलीस माझी!"

चारचौघे कुठले? एकटे शिंदे तर होते. पण हे एक वाक्य बोलायला मला इतकी वर्षं का लागली? राग यांचा येतोय की माझाच, कळत नाही.

आत्ता यांनी दारातून विचारलं, "जेवायला वाढतेस ना?"

म्हटलं, "आज तुमीच घ्या वाढून."