पायथनचं खरं पुस्तक

१ सप्टेंबर २०२५, सोमवार
पतसंस्थेच्या मीटिंगमध्ये नागेंद्र साहेबांनी बॉम्ब टाकला. ३ ऑक्टोबरला पायथनची, म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेची परीक्षा. पास तो कॉम्प्युटर विभागात, इथंच बेळगावात. नापास तो तिकडं जंगलातल्या लोंढा शाखेला. सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं. गाढवं! महिनाभरात एकेकाला दाखवतो. पण आधी योग्य पुस्तक. पाया कच्चा तर सगळंच कच्चं.

६ सप्टेंबर
इंग्रजी पुस्तक आलं. उशीएवढं जाड. अंजनी म्हणाली, उघडा की. बायकोला व्यवहार कळत नाही. प्लॅस्टिक फोडलं की परत घेत नाहीत. मोबाईलवर रिव्ह्यू वाचले. कुणीतरी एकच स्टार दिलाय. फसवलं मेल्यांनी.

१० सप्टेंबर
शेजारच्या टेबलावरची प्रियदर्शनी डबा खाता खाता फुकटचे कन्नड व्हिडिओ बघून पायथन शिकते. मराठीसाठी भांडणाऱ्या येळ्ळूरची पोरगी, आणि कन्नडातून! लाज वाटत नाही का, विचारलं. तर म्हणते, अण्णा, तुम्ही बसच्या कंडक्टरशी कन्नडातच भांडता की. अगं, ते भांडण. शिक्षण वेगळं. एवढं कळत नाही आणि म्हणे कोडिंग.

१४ सप्टेंबर, रविवार
मराठी पुस्तकासाठी खास कोल्हापूर. दुकानदार म्हणाला, चाळून बघा. मी काय फुकट्या वाटलो? सीलबंदच घेतलं. येताना निपाणीला बस थांबली तेव्हा मोबाईलवर कळलं, आवृत्ती जुनी आहे. चोर लेकाचा. नवी मागवली. जोडीला सरावाचं वेगळं.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
चार पुस्तकं जमली. प्रियदर्शनीकडे एकही नाही. कीव येते. हातमागावरून आप्पा ओरडले, वाच की रं एखादं! बाप असून टोमणे. ताण्याचे उभे धागे भरल्याशिवाय माग चालतो का, विचारलं. म्हणाले, ताणा भरायला म्हैना लागत न्हाय. जुनी माणसं. उद्यापासून सुरू.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आजच अभ्यासाचा मूड लागला, आणि घरात पूजा. सकाळी मीच आप्पांना म्हणालो होतो, माझी पण हत्यारं मांडा. मागाशेजारी चारही पुस्तकं, त्यावर लॅपटॉप, झेंडूचा हार. आता मागितली तर म्हणतात, पूजेतलं हत्यार दसऱ्याआधी हलवायचं न्हाय. वर लॅपटॉप उघडून तांब्यातलं पाणी शिंपडलं, तेही मनोभावे. घरचेच वैरी! असो. देवीचा आशीर्वाद मला आहे, प्रियदर्शनीला कुठला?

३ ऑक्टोबर
लॅपटॉप चालूच झाला नाही. कीबोर्डमधून झेंडूची पाकळी निघाली. अख्खं ऑफिस फिदीफिदी. प्रियदर्शनीनं स्वतःचा पेपर संपवून आपला लॅपटॉप पुढं केला. घेतला नाइलाजानं. पहिलाच प्रश्न: स्वतःचं नाव स्क्रीनवर आणा. पंधरा वर्षं नोकरी केली, आणि मलाच माझं नाव विचारतात! हा सरळ अपमान आहे. सोडवला नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
लोंढा. उद्यापासून. प्रियदर्शनी कॉम्प्युटर विभागात.
अंजनी बॅग भरत होती. पुस्तकं उलटसुलट करून बघितली. म्हणाली, अहो, हळदीकुंकू सगळं प्लॅस्टिकलाच लागलंय. पुस्तकाला काहीच न्हाय.
मला तिच्याकडं बघवेना.
प्लॅस्टिक काढू का, विचारलं तिनं. नको म्हणालो. लोंढ्याला पाऊस लई.