चौथं दार

प्रिय सिस्टर एल्सी,

पत्राखालचं नाव बघून तुम्ही आधी चष्मा पुसाल. शिवगंगाला लिहिता कधी यायला लागलं? तुम्हीच आमच्या भिंतीवर महारोगाच्या चट्ट्याचा तो कागद चिकटवून गेला होता, पाठमोऱ्या माणसाचं चित्र असलेला. भांडी घासता घासता त्यावरची अक्षरं मी एकेक करून जुळवली. 'न दुखणारा, न खाजणारा फिकट चट्टा' ही मी स्वतः वाचलेली पहिली सबंध ओळ. पुढं वाचनालयातली पुस्तकं आणून वाचली, पण ती ओळ डोक्यातून गेली नाही. आणि आता ती मला खाऊन राहिली आहे. आमच्या गल्लीत तसा चट्टा निघालाय. कुणाला, ते एकदम लिहवत नाही. त्या घरात तीन आठवड्यांवर लग्न आहे. आधीच बोभाटा झाला तर लग्न मोडेल आणि माणूसही घराबाहेर जाईल, एवढं समजून पुढचं वाचा.

आमचे हे वारले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हा नांदेडहून तुम्ही पाठवलेलं सांत्वनाचं पत्र मी कुणाकडून वाचून घेतलं नाही, स्वतः वाचलं. कागद उशीखाली ठेवायची यांची सवय होती, म्हणून तिथंच ठेवलं. उशी अजून उन्हात घालते, परत जागेवर ठेवते. त्यात काही विशेष नाही. तुमचं नाव निघालं की हे म्हणायचे, "त्या बाईचं पाणी आपल्याकडं बाकी हाय." का म्हणायचे ते तुम्हाला ठाऊक आहे.

निलंग्याहून तुम्ही लुनावर यायचा. पांढरी साडी धुळीनं तांबडी झालेली, पुढच्या टोपलीत गोळ्या, जपमाळ आणि कोंबडीचं पीस. आमच्या ओळीत सात दारं. तुम्ही एक दार सोडायचा नाही. प्रत्येक घरी बसायचं, घोटभर चहा घ्यायचा, लेकरांना डोळे मिटायला लावून अंगाला पीस लावायचं आणि विचारायचं, "कुठे लागलं? बोट ठेव." लेकरांना तो खेळ वाटायचा. मी मागून हसायची, "ह्या बाईला चहा लई लागतो बघा." एकदा तोंडावरही बोलले. तुम्ही म्हणालात, "शिवगंगा, वर गेल्यावर देव विचारेल, किती घरी गेलीस? मी खोटं सांगू का?" तेव्हा मला ती थट्टाच वाटली.

मग सिंधुचं झालं. माझी धाकटी जाऊ, दुसऱ्या दारातली. तिच्या दंडावर चट्टा होता, तुमच्या गोळ्या चालू होत्या आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. बाजारात कुणीतरी म्हणालं की सिस्टर रोग्यांना हात लावतात आणि त्याच हातानं आपल्या लेकरांना. मी घरी आले आणि दाराला कडी लावली. भिंतीवरून शंकरप्पाच्या बायकोला हाक मारली. तिनं पुढं सांगितलं. तुम्ही आलात तेव्हा सहा दारं बंद होती. तुम्ही माझ्या दाराशी पाणी मागितलं. आत मी श्वास धरून बसले होते. सिंधुच्या गोळ्या चुकवता येत नव्हत्या, म्हणून तुम्ही तिच्याकडं गेलात. लुना एकाच दारासमोर उभी राहिली. तुम्ही सात घरी चहा का घेत होता ते मला त्या दिवशी कळलं, आणि गोळ्या कुणाच्या घरी जातात ते गल्लीलाही कळलं.

चौथ्या दिवशी दिरानं तिला माहेरी धाडायला देगलूरच्या गाडीत बसवलं. माझी तान्ही तिच्या कडेवर वाढलेली. जाताना सिंधु ओट्याखाली उभी राहून म्हणाली, "अक्का, लेकरू एकदा दावा की. हात न्हाई लावत." मी दावलं नाही. ती वर्षभरात बरी झाली, तुम्हीच तिला शिवण शिकवलंत, हे नंतर ऐकलं. परत तिला कुणी बोलावलं नाही. तुम्ही केरळातलं आईबापाचं घर सोडून आमच्याकडं आलात. आम्ही घरात बसून घरचं माणूस सोडलं.

सिस्टर, चट्टा आरतीच्या पाठीवर आहे. त्याच तान्हीच्या. न्हाऊ घालताना दिसला, उजव्या खांद्याखाली, रुपयाएवढा. मी कोंबडीचं पीस आणलं आणि म्हटलं, डोळे मीट, लागलं की सांग. मानेवर लावलं, हसली. चट्ट्यावर लावलं, परत लावलं. ती म्हणाली, "माय, लाव की आता." तिला अजून काही माहीत नाही. हळदीला पाच सवाष्णी तिची पाठ चोळतील. मला विधवेला तर लांबच उभं राहायचंय, तिची पाठ झाकायला पदरही धरता येणार नाही. गावात सरकारी गोळ्या देणारी आशाताई नवऱ्या मुलाची मावशी आहे, तिला दाखवलं तर आधी तिकडंच कळेल. मला लपवायचं नाही. तुम्ही तपासून सांगा, गोळ्या सुरू करा, मग मुलाकडं मी स्वतः जाऊन सांगते. फक्त गल्लीनं आधी ठरवू नये. म्हणून मी बाकीच्या सहाही दारी सांगून आले, सिस्टर सगळ्यांना तपासायला येणार आहेत म्हणून. शंकरप्पाची बायको म्हणाली, "का गं, तवा कडी तूच लावलीस ना?" मी म्हटलं, "हाव, मीच." दार उघडीन म्हणाली नाही, नाही असंही म्हणाली नाही. बाकीची उघडतील असं वाटतं. तुमचे गुडघे दुखतात, साखरही आहे, माहीत आहे. तरी या. पहिल्या दारापासून सुरुवात करा. आमचं चौथं. प्रत्येक घरी चहा घ्यावा लागेल, घोटभरच घ्या. आमच्याकडं जास्त वेळ बसू नका, आणि पीस लावताना आरतीशी तसंच हसा, जसं सगळ्यांशी हसता.

तुमचीच,
शिवगंगा अण्णाराव