काळ्या मातीचा पेला

बालाघाट, १२ मे १९८४, संध्याकाळ

परसवाड्याच्या शाळेची भिंत तडकली तेव्हा मी पेपरातल्या बातमीत ती बांधणाऱ्या सुखराम मिस्त्रीला 'सिमेंटभक्षक' म्हटलं. संस्कृत शिकल्याचा एवढाच उपयोग! समास लोकांना फार आवडला.

आज सकाळी सुखराम घरी आला. भांडला नाही. शाळेच्या पायातली वाळलेली काळी माती काचेच्या पेल्यात भरली, मातीच्या पातळीवर बाहेरून खडूने रेघ मारली, पाणी ओतलं आणि गेला. संध्याकाळी परत आला, तर माती रेघेच्या दोन बोटं वर.

ज्वालामुखीच्या खडकाची ही माती. तिच्यातली चिकण पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसून भेगाळते. वरची भिंत काय करणार बिचारी?

"मुरूम लागेपर्यंत खोदू द्या, म्हणलं होतं म्या इंजिनेर साहेबाले. नाही ऐकलं."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कवा, पंडितजी? आता गावात पोट्टेबी मले सिमेंटभक्षकच म्हणतेत. काम कोनी देत नाही."

विचारलं नव्हतं, खरंच. शाळेपर्यंतही गेलो नव्हतो.

उद्या दुरुस्ती धाडतो. पण समास लोकांना पाठ झालाय, दुरुस्ती कोण पाठ करणार?

पेला अजून टेबलावरच आहे. विसळायला मन होत नाही.