बोटांवरची तार

शुक्रवार, ३ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुमचा गुडघा काय म्हणतो? शेजारच्या शिंपीणबाई तुमच्या बाजूला निघाल्यात, त्यांच्या हाती ही चिठ्ठी आणि काकवीची बाटली पाठवतेय. यंदा मोरीमागचा ऊस चांगला जाड झाला. तुमच्या भावाने सोलला, मी तुकडे करून मिक्सरला लावले, फडक्यातून रस पिळला. एवढा मोठा टोप, आणि आटून बाटल्या दोनच! मळी काढता काढता माझी कंबर मोडली. हे मात्र स्टुलावर बसून हुकूम सोडत होते, "ढवळ गं, करपवशील!"

आता हे बाहेर शाळेची बस धुवायला गेलेत, म्हणून खरं लिहिते. फोनवर बोलायची सोय नाही, दोन खोल्यांत यांचे कान सगळीकडे.

काकवी झाली का ते बघायला हे गार पाण्यात बोटं बुडवतात, मग पळीवरचा थेंब चिमटीत धरून तार ओढतात. तुम्हीच शिकवलंय. यंदा बोलण्याच्या नादात पाणी विसरले आणि दोन बोटं थेट उकळत्या टोपात घातली. मी किंचाळले. हे शांतपणे चिमूट उघडून दाखवतायत, "बघ, काय तार आलीय!" बोटांवर टरारून फोड, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

"ड्रायव्हरचे हात ते, राठच असणार," म्हणून हसले. मीही हसले. पण काल दुपारी हे पेपर वाचत पडले होते. पाय चेपता चेपता मी तळव्याला सुई टोचली. रक्ताचा ठिपका आला. यांनी पेपरचं पान उलटलं.

उजवा पाय, ताई. ब्रेकचा.

खोदून विचारलं तेव्हा कबूल झाले. वर्षभर असंच आहे म्हणे, कापसावरून चालल्यासारखं. डॉक्टरांचं नाव काढलं तर अंगावरच आले. "कुणाला बोललीस तर बघ! बस काढून घेतील. मग काय घरी बसून माश्या मारू?"

नाताळची सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडतेय. बसभर पोरं असतात हो. त्यातली एक चिमुरडी तर यांच्या मागच्या सीटशिवाय बसतच नाही. शाळेजवळचा तो उतार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

हे ऐकतील तर तुमचंच. गुडघा दुखत असला तरी रविवारपर्यंत याच. मी सांगितलं म्हणून बोलणं टाकतील माझ्याशी, टाकू देत.

हे आत आलेत. बस चालू करून बघायचीय, चावी सापडत नाहीये. ती कालपासून माझ्या ब्लाऊजमध्ये आहे. "कुठे ठेवली गं मी? आता डोकंही गेलं वाटतं माझं," असं म्हणत बिचारे घर उलटंपालटं करतायत. आत्ताच लिहिणं थांबवून मीसुद्धा त्यांच्याबरोबर गादी उचलून शोधली.

सोमवारी सकाळपर्यंत काय काय उचलून दाखवू, ते कळत नाही.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुमची भावजय