काळं कापड परत

दि. ९ जुलै

ती. आत्यास,

नमस्कार. आम्ही दोघं बरी आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. एरवी 'अगं आत्या' म्हणतो. आज 'तुम्ही'च बरं.

तुमचा निरोप मिळाला. रविवारी पाहुणे येणार, भांड्यांचा ढीग पडणार, "बारकीचे नखरे पुरे झाले, धाडून दे तिला."

शिलाईच्या दुकानात काम जोरात आहे. शाळेचे गणवेश आलेत. मास्तर मला आता कापड कापायलाही देतात.

गेल्या आठवड्यात बारकी तुमचा मापाचा ब्लाउज घेऊन दुकानात आली, स्टुलावर टेकली आणि तिथूनच खाली कोसळली. ओठ खडूसारखे पांढरे. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलली, माहीत आहे? "दादा, स्टुलाची गादी मी धुऊन देते. आत्याला सांगू नकोस."

तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळीत गाठी पडतात? कपडा सारखा बदलावा लागतो? आठवडा उलटला तरी थांबत नाही?" प्रत्येक प्रश्नाला तिची मान हलत होती.

"मग घरात सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. आत्या म्हणाली, बाईच्या जातीला हे चालायचंच. सगळ्यांचं असंच असतं ना?"

"नाही गं बाळ," बाई म्हणाल्या.

तिला रक्त चढवावं लागलं. हे सुरुवातीलाच लिहायचं होतं, हात धजला नाही. औषधाने आटोक्यात येईल म्हणतात. अजून तपासण्या व्हायच्या आहेत.

आता कापडाचं. तुम्ही दर वेळी सांगायचात, "पोरीचा परकर काळाच शिव, दुहेरी शिव, मळ दिसत नाही." मला वाटायचं, आत्या काटकसरी. म्हणजे तुम्हाला दिसत होतं. दवाखाना सोडून तुम्ही रंग शोधलात.

तुम्ही म्हणाल, आईमागे पोरीला सांभाळलं, त्याचे हे पांग फेडले. सांभाळलीत, भांडी घासण्यापुरती.

रविवारी ती येणार नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मास्तरांनी दुकानामागची खोली दिली आहे, तिथे राहू. न्यायला येऊ नका. आलात तर उंबरा ओलांडू देणार नाही, आणि तेव्हा माझा आवाज कापला तरी हसू नका.

नवा परकर टाचून ठेवला होता, तो उसवला. उरलेल्या कापडासकट या गाठोड्यात आहे. ठेवा तुमच्याकडे. पोर कुठे गेली म्हणून लोक विचारतील, तेव्हा झाकायला लागेल.

बारकीचा दादा