सोललेलं श्निट्झेल

रविवार, संध्याकाळ. फ्रँकफर्ट

चार दिवस वही उघडायचा कंटाळा केला, पण आजचं जेवण डोक्यातून जाईना. मावशी-काकांनी रेस्टॉरंटमध्ये नेलं होतं. शुगर वाढल्यापासून काकांचा भात, पोळी, बटाटा बंद. त्यांनी श्निट्झेल, म्हणजे मांसाचा तळलेला पातळ काप, मागवलं आणि त्यावरचं पावाच्या चुऱ्याचं कुरकुरीत कवच सुरीने अख्खं सोलून बाजूला ठेवलं. इतक्या शांतपणे कसं जमतं?

"अहो, त्या कवचाकडे बघू नका," मावशी म्हणाली.

"बघण्यात कार्ब्ज नसतात," काका.

कवच शेवटी मीच खाल्लं, निर्लज्जासारखं. मावशीने मात्र नुसतं सॅलड घेतलं. तिला कुठे शुगर आहे?

थांब, बेल वाजली.

मावशी आलीये! एकटीच. म्हणते, "आधी भात लाव. दोन महिने झाले, ह्यांच्यासमोर मला खाववत नाही."